दोन कॅमेरे आणि लाल फुल्या

नलिनीबाईंना कॅमेरा हवा होता आणि नीळकंठरावांना निर्णय अचूक हवा होता. या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदत नाहीत, हे नलिनीबाईंना लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. तेव्हा मिक्सर घ्यायचा होता आणि नीळकंठराव गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून नुकतेच लागले होते. त्यांनी बाजारातल्या सगळ्या मिक्सरांचा असा कसून अभ्यास केला, की मिक्सर घरी आला तोवर कैऱ्या संपून आंबेही संपत आले होते. आता ते निवृत्त झाले होते. म्हणजे अभ्यासाला दिवसभर मोकळे होते.

कॅमेऱ्याला निमित्त झालं धनेश पक्ष्याचं. गल्लीच्या टोकाला, तिथे राहणाऱ्या तोमरजींच्या भिंतीला लागून, एक जुना शिरीष आहे. त्याच्या ढोलीत धनेशाच्या मादीने स्वतःला कोंडून घेतलं होतं. ढोलीचं तोंड लिंपून टाकलेलं, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवलेली. नर दिवसभर वडाची फळं आणायचा आणि त्या फटीतून भरवायचा. नलिनीबाई गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा दिसलं आणि त्या दिवशी कुरडया तशाच राहिल्या. पिल्लं मोठी झाली की मादी ते लिंपण फोडणार, सगळी उडून जाणार, आणि पुढच्या वर्षी ही जोडी इथेच येईल याची खात्री कोण देणार? तो भरवण्याचा क्षण एकदा तरी फोटोत पकडायचाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

मोबाइलवर त्यांनी फोटो काढला आणि नागपूरला बहिणीला, सुनंदाला पाठवला. सुनंदाचं उत्तर लगेच आलं, "कावळा छान आलाय गं."

"कावळा!" नलिनीबाई संतापल्या. "अहो, मला कॅमेरा हवाय. खराखुरा. आणि या आठवड्यात हवाय."

"घेऊ ना," नीळकंठराव म्हणाले. "आधी अभ्यास करू."

नलिनीबाईंना मिक्सर आठवला.

संध्याकाळी खरेदी समिती बसली. कारखान्यात समितीशिवाय साधा झाडूसुद्धा येत नसे, तेव्हा घरात तरी का यावा? अध्यक्ष नीळकंठराव. तज्ज्ञ सदस्य शमिका, म्हणजे नलिनीबाईंची भाची, वास्तुकला शिकायला भोपाळला आलेली आणि त्यांच्याकडेच राहणारी. नलिनीबाईंना समितीत चहा करण्याचं काम होतं.

"काका, सिंपल है," शमिका म्हणाली. "दोनच ऑप्शन आहेत. एक साधा डीएसएलआर. सेन्सर मोठा, फोटो एकदम झकास. पण सोबत जी लेन्स येते ना, ती लांबचं नाही दाखवत. त्यासाठी दुसरी लेन्स घ्यावी लागते, बाद में."

"म्हणजे साडी आणायची आणि ब्लाउजचं कापड शोधत फिरायचं," नलिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"दुसरा सुपरझूम. लेन्स बदलायचा झंझटच नाही. इथून बसल्या बसल्या तोमर अंकलच्या मिशा मोजता येतात. पण सेन्सर छोटा. उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात."

"मला मिशाही नकोत आणि रवाही नको. मला धनेश हवाय. झूमवाला आणा, विषय संपला."

"थांब, थांब. विषय आता कुठे सुरू झालाय," नीळकंठराव म्हणाले.

"त्या नराकडे बघा जरा! बायकोने चोच बाहेर काढली की फळ आणून देतो. कुठलं फळ सरस याचा अभ्यास करत बसत नाही."

"त्याच्याकडे पर्याय एकच आहे. वड," नीळकंठराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी निर्णय दिला, की निर्णयाआधी प्रत्यक्ष चाचणी व्हावी.

शमिकाने वर्गातल्या आशयकडून त्याचा डीएसएलआर मागून आणला. महाराष्ट्र समाज या इथल्या मराठी मंडळातल्या विजय पांढरीपांड्यांनी आपला सुपरझूम मोठ्या मनाने दिला. दोन्ही कॅमेरे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसले. नलिनीबाईंनी झूमला नुसतं बोट लावलं, तर अध्यक्ष ओरडले, "चाचणीआधी नमुन्याला हात लावायचा नाही!" गच्चीवरून त्या वेळी नर मादीला भरवताना स्वच्छ दिसत होता, आणि कॅमेरे खाली टेबलावर पडले होते. नलिनीबाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्तच घातलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना नीळकंठराव कामाला लागले. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. आपल्या फाटकाशी उभं राहायचं आणि गल्लीतल्या लांब लांबच्या वस्तू दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायच्या. दोन्ही कॅमेऱ्यांचा नेम एकाच जागी बसावा म्हणून प्रत्येक ठिकाणी खूण हवी. कारखान्यातला लाल खडू त्यांनी अजून जपून ठेवला होता. त्याने त्यांनी सक्सेनाजींच्या गाडीवरच्या पत्र्याच्या शेडच्या खांबावर ठसठशीत फुली मारली आणि खाली आकडा घातला. मग पलीकडच्या ओट्यावर, मग तोमरजींनी रस्त्यात आणलेल्या उतारावर, आणि शेवटची शिरीषाच्या बुंध्यावर. मध्ये मध्ये टेप टाकून अंतर मोजलं. खडूच तर आहे, नंतर पुसून टाकू, त्यात कुणाला काय विचारायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या दिवशी फक्त डीएसएलआर झाला. तोवर ऊन वर आलं, आणि उजेड बदलला की तुलना बाद. सुपरझूमला उद्या याच वेळी, याच उजेडात. म्हणून फुल्या तशाच राहिल्या.

सकाळी उशिरा नलिनीबाई बिट्टन मार्केटच्या हाटात भेंडी निवडत होत्या, तेव्हा तोमरजींच्या सरोजभाभींनी त्यांचा दंडच धरला.

"भाभी, आपके यहाँ भी निशान लगा क्या?"

"कैसा निशान?"

"अरे, लाल क्रॉस! कहते हैं, नगर निगमवाले सुबह-सुबह नाप-जोख करके गए हैं. फोटो भी खींचे. सारी गली में लगा है. जो भी बाहर निकला है, सब टूटेगा. आपके नहीं लगा?"

"नाही... मतलब, नहीं लगा."

सरोजभाभींनी हात सोडला आणि एक पाऊल मागे घेतलं. "अच्छा? भाईसाहब की पहुँच होगी."

नलिनीबाई भेंडी तिथेच टाकून रिक्षाने घरी आल्या. गल्लीत शिरतानाच त्यांना सक्सेनाजी शिडीवर दिसले. ते शेडचे पत्रे एकेक करून उतरवत होते आणि घाम पुशीत पुटपुटत होते, "खुद निकाल लो तो सामान तो बचता है." पलीकडे ओट्यावर कुणीतरी घण घालत होतं.

"अहो! काय करून ठेवलंत हे?" त्यांनी आत येऊन सगळा प्रकार सांगितला.

नीळकंठरावांच्या चेहऱ्यावर आधी समाधानच पसरलं. "म्हणजे फुल्या लांबून नीट दिसतात."

"लोक घरं पाडतायत!"

"घरं नाही. वाढीव भाग," नीळकंठराव म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. खिडकीच्या पडद्याआडून त्यांनी सक्सेनाजींच्या हातातली पहार पाहिली. "आता जाऊन सांगितलं तर ती पहार माझ्या डोक्यात बसेल. उद्या सकाळी झूमची चाचणी उरकतो, गुपचूप फुल्या पुसतो. ताकास तूर लागणार नाही."

नलिनीबाईंना हे मुळीच पटलं नाही. पण पहार त्यांनीही पाहिली होती. आणि झूम उद्या एकदाचा टेबलावरून उठणार, हा मोहही होताच.

सकाळी दोघंही बाहेर पडले. नीळकंठरावांच्या गळ्यात डीएसएलआर होता, कारण काल एका फुलीच्या वेळी ढग आला होता आणि ती फेरचाचणी बाकी होती. हातात सुपरझूम. त्यांनी झूम डोळ्याला लावून शिरीषावर रोखला आणि एकदम थबकले.

"नलिनी, झाडावर माणूस आहे."

नलिनीबाईंनी कॅमेरा ओढूनच घेतला. झाडाच्या पहिल्या फांदीवर एकजण दोर बांधत होता. खाली दुसरा कुऱ्हाड घेऊन उभा, आणि शेजारी तोमरजी, कमरेवर हात, बांधकामावरच्या ठेकेदारासारखे. तारेवर नर बसला होता. चोचीत वडाचं लालबुंद फळ. पुढे जायचं धाडस त्याला होत नव्हतं, मागे जायचं मन होत नव्हतं.

या वयात नलिनीबाई धावल्या. मागून नीळकंठराव, गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटत. गल्लीतले आणखी चार लोक काय झालं म्हणून त्यांच्या मागे.

"तोमरजी, ये क्या कर रहे हैं?" नलिनीबाईंनी धापा टाकतच विचारलं.

"काट रहे हैं, भाभी. निगम ने ही निशान लगाया है, ये देखिए. बरसों से पत्ते झेल रहा हूँ. मैंने सोचा, सरकार का काम थोड़ा हल्का कर दूँ." त्यांनी बुंध्यावरच्या फुलीवर प्रेमाने थाप मारली.

नलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नीळकंठरावांनी मिक्सरच्या वेळी पाहिले नव्हते, फ्रिजच्या वेळी पाहिले नव्हते.

ज्या माणसाने आयुष्यात छत्रीसुद्धा दुकानदाराला "उद्या येतो" असं सांगून मगच घेतली, त्याने त्या घटकेला विचार केला नाही.

"तोमरजी, वो निशान निगम का नहीं है. मेरा है."

"आपका?"

"सारे मेरे हैं. मैं कैमरा टेस्ट कर रहा था. फोकस के लिए."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सक्सेनाजींना कळलं. ते हळूहळू पुढे आले. त्यांच्या बोटांना पत्र्याने कापल्याच्या पट्ट्या होत्या.

"मैंने कल दिन भर धूप में शेड खोला," ते एकेक शब्द चावत म्हणाले, "आपके फोकस के लिए?"

"और मेरा ओटला?" मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच बोलायला लागले. कुणी नीळकंठरावांचा हात धरला, कुणी कॅमेऱ्याचा पट्टा. झाडावरचा माणूस वरून विचारत होता, "साहब, काटना है कि नहीं काटना?"

"चुप!"

हा आवाज नलिनीबाईंचा होता. इतकी वर्षं त्या गल्लीत राहत होत्या, पण असा आवाज त्यांना आहे हे कुणाला माहीत नव्हतं. खुद्द त्यांनाही नव्हतं.

"सब चुप! बैठ जाइए नीचे! भैया, तुम उतरो. जो मारना है इनको, पाँच मिनट बाद मारिए. वो भूखी बैठी है अंदर."

लोक खरंच बसले. तोमरजी आपल्याच उतारावर उकिडवे बसले. सक्सेनाजी तुळशीच्या कुंडीआड गेले. झाडावरचा माणूस खाली सरकून दोर मांडीवर घेऊन बसला. सगळी गल्ली श्वास धरून वर बघू लागली. नराने मान इकडे केली, तिकडे केली. एकदा फळ चोचीत सारखं करून घेतलं. मग तो सरळ उडाला, ढोलीला बिलगला, आणि फटीतून एक चोच बाहेर आली.

नलिनीबाईंनी झूम पुरता ताणला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

मग सगळे त्या छोट्या पडद्याभोवती गोळा झाले. दोन चोची, मध्ये एक लाल फळ. नराचा डोळा, त्यावरच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या.

"अरे! वो अंदर बंद है? और ये रोज़ खिलाता है?" तोमरजींनी कॅमेऱ्यात नाक खुपसलं.

"रोज़," सरोजभाभी मागून म्हणाल्या. "देखिए ज़रा. आपसे एक दिन चाय नहीं बनती."

तोमरजींनी कुऱ्हाडवाल्यांना चहा पाजून परत पाठवलं. सक्सेनाजींचा राग मात्र एवढ्यावर निवणारा नव्हता. पण त्यांच्या सौभाग्यवती खुर्ची घेऊन बाहेर आल्या, शेडच्या जागी पडलेल्या उन्हात ठेवली, आणि "बरसों बाद पापड़ की जगह मिली है, खबरदार जो वापस लगाया" असं म्हणून आत गेल्या. सक्सेनाजींनी पत्रे उचलून भिंतीकडेला रचले. नीळकंठरावांनी ओल्या फडक्याने सगळ्या फुल्या स्वतः पुसल्या आणि ओटा बांधून द्यायचं कबूल केलं.

दुपारी नलिनीबाई झूम मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोच फोटो कितव्यांदा बघत होत्या, देव जाणे. सुख अगदी चेहऱ्यावर उतू चाललं होतं.

"हाच घ्यायचा," त्या म्हणाल्या. "चाचणी संपली."

"घेऊ. आजच," नीळकंठराव म्हणाले. "आणि तो डीएसएलआरपण घेऊ."

शमिकाच्या हातातला चमचा खाली पडला.

"दोन्ही? अहो, डीएसएलआर कशाला? त्यातून पक्षी दिसत नाही."

"मला पक्षी नकोय." नीळकंठरावांनी गळ्यातला कॅमेरा काढून पुढे केला. सगळे वर बघत होते तेव्हा त्यांनीही एक बटण दाबलं होतं. फोटोत झाडाच्या सावलीत उकिडवी बसलेली सगळी गल्ली होती, उघड्या तोंडाची. आणि मधोमध नलिनीबाई, कॅमेरा नुकताच डोळ्यावरून खाली घेतलेल्या, हसू आणि पाणी दोन्ही चेहऱ्यावर एकदम आलेल्या. उजेड कसा अगदी नेमका पडला होता.

नलिनीबाईंनी बराच वेळ फोटो पाहिला. त्यांचे कान लाल झाले.

"शी! अंगात गाऊन, केसांना तेल! आणि हे असं तोंड! आत्ताच्या आत्ता काढून टाका तो."

नीळकंठरावांनी कॅमेरा अलगद त्यांच्या हातातून परत घेतला आणि पट्टा पुन्हा गळ्यात अडकवला.

"घाई नको," ते म्हणाले. "यावर मला जरा अभ्यास करावा लागेल."