मिस्टर नोएल डोळे मिटतात

जेरेलच्या दुसऱ्याच षटकात मिस्टर नोएल यांनी डोळे मिटले आणि यूडोरा बाकावरून अर्धी उठली.

मिस्टर नोएल म्हणजे कसोटी संघाच्या निवड समितीतलं मोठं प्रस्थ, एके काळचे ऑफस्पिनर. बेटावरच्या गुयाव्ह या कोळ्यांच्या गावातल्या चिमुकल्या मैदानात ते गोलंदाजाच्या मागे खुर्ची टाकून बसले होते, ते तिच्या जेरेलसाठी. संघाला बोटांनी चेंडू फिरवणारा एक गोलंदाज हवा होता. जेरेलला सत्तावीस सरली होती. ही संधी हुकली की पुन्हा कोण विचारतंय? आणि अशा दिवशी आईनं काय करावं? पाहुण्यांना जेवणाच्या सुट्टीत नारळाच्या दुधात आटवलेला नीरफणस आणि खारं मांस तीनदा वाढावं, वर रम घातलेल्या सरबतात सढळ हातानं जायफळ किसावं!

"कथबर्ट, हे झोपले रे!" तिनं धाकट्या भावाला ढोसलं.

"वय झालंय गं ताई त्यांचं. डुलकी असेल."

"इकडे माझ्या पोराची कसोटी आणि ह्यांची डुलकी? जागं कर."

"मी? निवड समितीला गदागदा हलवू?"

"हलवू नको रे बाबा. आवाज कर."

तिनं स्वतः पातेल्यावर डाव बडवून पाहिला. मिस्टर नोएल यांच्या कपाळाला आठी पडली, पण डोळे आणखीच घट्ट मिटले. कथबर्ट मासेविक्या. बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून त्यानं गाडीतून आपला शंख आणला आणि छाती फुटेस्तोवर फुंकला.

आता गुयाव्हमध्ये शंख वाजला की त्याचा अर्थ एकच, मासळी आली. पाच मिनिटांत फाटकातून बायका घमेली घेऊन थेट मैदानात घुसल्या. मिस फिलोमेनानं तर पंचालाच गाठलं.

"टूना कसा दिला?"

"बाई, इथे मासे नाहीत!"

"नाहीत? मग शंख कुणी फुंकला? मी तेल तापत ठेवून आलेय!"

जेरेल हातात चेंडू धरून मधोमध उभा. एवढ्यात मिस्टर नोएल ताडकन उठले. "बंद करा हा बाजार!"

यूडोरा धावली. "माझीच चूक साहेब. तुम्हाला झोप लागली, म्हणून..."

"झोप? अहो, मी ऐकत होतो!"

"ऐकत?"

"मग! खेळपट्टी खोटं बोलते. फलंदाज वेंधळा असला की बळी फुकटात मिळतात. पाचव्या दिवशी तर कुणीही चेंडू वळवतो. पहिल्या दिवशी, काहीच वळत नसताना, दिवसभर एकसारखं टाकणारा मला हवाय. चेंडू बोटांतून सुटताना भिर्र होतो ना, तो दर वेळी तस्सा व्हायला हवा. ते कानालाच कळतं."

झालं. यूडोरानं शांततेचा ताबा घेतला. बायकांना घमेली मांडीवर घेऊन खाली बसवलं. भुंकणाऱ्या कुत्र्याला खारं मांस चारलं. तिच्या डोळ्यांना घाबरून फलंदाज धावेसाठी हाका मारायचे बंद झाले आणि दोघे एकाच टोकाला भेटले. अपीलसुद्धा यष्टिरक्षकानं भुवया उडवून केलं.

त्या शांततेत यूडोराला आपल्या मुलाची गोलंदाजी पहिल्यांदाच ऐकू आली. भिर्र, टप्. भिर्र, टप्. इतकी वर्षं ती फक्त बळी मोजत आली होती. तिला भरून आलं.

तीन षटकांनंतर त्यात आणखी एक आवाज मिसळला. घुर्र. मिस्टर नोएल यांचा जबडा लोंबत होता आणि टोपी नाकावर आली होती.

"आता?" कथबर्ट कुजबुजला.

"आता त्यांना हात लावलास तर याद राख," असं म्हणून यूडोरानं डोक्याला हात लावला.

जेरेल बिचारा टाकत राहिला. चहापानाला खेळ थांबला, तसे मिस्टर नोएल दचकून जागे झाले.

"काय झालं? थांबला का तो?"

"चहाची वेळ झाली, साहेब." यूडोराला रडू आवरेना. "तुम्ही खरंच झोपला होतात हो!"

"किती षटकं?"

"नऊ."

"नऊ?" मिस्टर नोएल यांनी खिशातून वही काढली. "बाई, कच्चा गोलंदाज मला झोपू देत नाही. एक चेंडू भिर्र, पुढचा फुस्स, की मी दचकून उठतो. चाळीस वर्षांत सलग तीन षटकंसुद्धा कुणी झोपू दिलं नव्हतं." त्यांनी वहीत नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "पासपोर्ट आहे ना त्याच्याकडे?"

यूडोरानं डोळे पुसले आणि अ‍ॅप्रनच्या खिशातून तो काढून त्यांच्या हातात ठेवला.