दिगंबरची दोन बटणं

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कोणी दिगंबरचा विषय काढला, की मी उठून नारळांना पाणी घालायला जायचो. आता सत्तरी उलटली. नारळांनाही पाणी पुष्कळ झालं. आणि नागावात लोक अजून म्हणतात, "आंधळा माणूस, घाबरला, चुकीचं बटण दाबलं." ते खोटं आहे, म्हणून लिहितो.

दिगंबर म्हात्रेचा एक नियम होता. बोलायच्या आधी नाव सांगायचं, खोलीत दोघंच असलो तरी.

"मी दिगंबर. चहा आला का?"

"आला," मी म्हणायचो. तो ढिम्म. मग मला आडनाव सांगून म्हणावं लागे, "मी घरत. आला." तेव्हा कुठे त्याचा हात कपाकडे जायचा.

मान डोलावून उत्तर देणं हा तर त्याच्या लेखी गुन्हाच होता. "मान हलवलेली मला आयकू येत न्हाय, सर. आयकलं म्हणा!" हे "आयकलं म्हणा" तो पोस्टमनला म्हणायचा, बँकेतल्या साहेबाला म्हणायचा, आणि देवळात देवापुढेही म्हणाला होता, असं त्याची शेजारीण सांगायची.

अलिबागेत आमची तीन माणसांची कचेरी होती. वेबसाइट आणि मोबाइलवरची अ‍ॅप आंधळ्या-बहिऱ्या माणसांना वापरता येतात का हे तपासायचं, येत नसतील तर दुरुस्त करायचं, हे आमचं काम. निवृत्तीनंतर मी तिथला प्रमुख झालो. दिगंबर तपासायचा. त्याला लहानपणापासून दिसत नव्हतं; पडद्यावरचं सगळं फोन त्याला वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगात की कढईत मोहरी तडतडतेय असं वाटावं. एकदा एका खानावळीच्या वेबसाइटवरून त्याने जेवण मागवायला घेतलं. पदार्थांचे नुसते फोटो होते, नावं नव्हती.

"काय जेवलास रे?" मी विचारलं.

"चित्र," तो म्हणाला. "आनि वर थोडं चित्र."

दुरुस्त्या करायची तन्वी. किहीमची मुलगी, हुशार, जन्मापासून ऐकू न येणारी. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळायचं. पण दिगंबर बोलताना तोंड खिडकीकडे करायचा, कारण कोणाकडे बघून बोलायची सवयच त्याला नव्हती. तो चुका आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचा, त्या तिला ऐकू येत नसत. ती पडद्याचे फोटो काढून त्यांवर लाल गोल करून पाठवायची, ते त्याला दिसत नसत. दुसऱ्यांच्या अडचणी सोडवणारी आमची कचेरी ही अशी होती.

म्हणून दोघंही सगळं मला पाठवायचे. मी मधला माणूस. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता. "आम्ही दोघं एका ठिकाणी लिहूनच बोलू ना, काका. त्याचा फोन त्याला वाचून दाखवेल," असं तन्वीने एकदा टाइप करून दाखवलं. मी म्हटलं, "बघू." बघितलं नाही. त्यांचं जमलं असतं तर माझं काय काम उरलं असतं?

दुसरं म्हणजे मला भांडणाची भीती. आवाज चढला की माझे तळहात ओले होतात. दिगंबर म्हणायचा, "तिला विचारा, डोकं घरी ठेवून येते का?" मी तन्वीला लिहायचो, 'दिगंबर म्हणतो, एकदा बघून घे.' ती चिडून लिहायची, 'त्याला काहीच पसंत पडत नाही.' मी दिगंबरला सांगायचो, "ती आभार मानतेय." कचेरीत शांतता होती. ती शांतता मी राखली असं मला वाटायचं.

मग एका मदत संस्थेचं वादळाच्या सूचनेचं अ‍ॅप आमच्याकडे आलं. धोका असला की पडद्यावर दोन बटणं यायची: 'मी सुरक्षित आहे' आणि 'मदत हवी'. आपण दाबू त्याप्रमाणे मदत केंद्रातल्या यादीत आपलं नाव हिरवं किंवा लाल व्हायचं. अ‍ॅप द्यायच्या आदल्या दिवशी दिगंबर माझ्या टेबलाशी आला.

"मी दिगंबर. दोन्ही बटणं बिननावाची हायेत, सर. फोन नुसतं 'बटण, बटण' म्हणतो. असंच सोडलं तर कोन तरी मरंल."

तन्वी रडवेली झाली होती, संस्थेची माणसं फोनवर फोन करत होती. मी तिला लिहिलं, 'दिगंबर म्हणतो, सगळं ठीक आहे.'

"सांगितलं तिला?" त्याने विचारलं.

"सांगितलं."

"आयकलं म्हणाली?"

"म्हणाली."

तो निश्चिंत होऊन घरी गेला. पुन्हा तपासलंही नाही. माझ्यावर विश्वास होता.

वादळ आलं त्या दुपारी मी नागावच्या शाळेत, मदत केंद्रात यादीसमोर बसलो होतो. वारा असा की माड जमिनीला टेकून उठत होते. शाळेचं एकेक कौल सुटताना ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी आम्ही सगळे खाली वाकायचो. दिगंबर समुद्राकडच्या घरात एकटा राहायचा. माझी नजर त्याच्या नावावरून हलत नव्हती. ते हिरवं झालं.

"चला, तुमचा दिगंबर सुटला!" केंद्रातल्या सरितावहिनी म्हणाल्या. "आता जीप वरच्या वाडीला पाठवते."

मीही सुटकेचा श्वास सोडला. आणि तो सोडता सोडताच मनात आलं: त्याला ते हिरवं बटण कळलं कसं? फोनने तर त्याला नुसतं 'बटण' म्हटलं असणार.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर का, हेही सांगावं लागलं असतं. मी ओल्या तळव्यांनी टेबलाची कड धरून बसलो. त्याचा फोन लागेना. जीप वरच्या वाडीला गेली. ती परत आली तेव्हा मी म्हणालो, "जाता जाता दिगंबरकडेही डोकावूया." कारण नाही सांगितलं.

माड छपरावर पडला होता. घरात कमरेएवढं पाणी, खाटेवर दिगंबर, एक पाय वाशाखाली. पाय वाचला, पण वाकडा झाला तो कायमचाच.

नंतर गावच्या बैठकीत लोकांनी विचारलं, चूक कुणाची? तन्वी पांढरी पडली होती. दिगंबरने तोंड खिडकीकडून वळवून तिच्या दिशेला केलं, तिला ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश म्हणाला, "माझीच. घाबरलो मी." बटणांचं आधी कुणाला कळवलं होतं, ते तो बोलला नाही. मीही नाही.

पुढे तो पालीला बहिणीकडे राहायला गेला. मी एकदाच गेलो त्याच्याकडे, सगळं बोलायचं ठरवून. बहिणीने वालाचं बिरडं वाढलं. जेवताना तोच म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही शाळेत व्हता ना? माझं नाव तिथं दिसलं का?"

"दिसलं."

"बरं झालं." तो हसला. "कुठलं बटण कुठलं, काय कळत नव्हतं. पन म्हटलं, कुठलं बी दाबलं तरी आपलं नाव कोनाच्या तरी डोळ्यांपुढं येईल. तेवढंच. लय एकटं वाटत व्हतं."

मी भात कालवत राहिलो. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

दिगंबर, तुझं नाव माझ्याच डोळ्यांपुढे आलं होतं. तू दाबलेलं बटण चुकीचं असणार हे मला तिथेच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. मला माफ कर.