कंप्यूटरातला बांध

मुलांच्या उन्हाळी संगणक शिबिराच्या चौथ्या दिवशी सकाळी जगदेवप्पा शाळेच्या संगणक खोलीत शिरला, तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आत विजयश्रीनं ओठांवर बोट ठेवलं. खिडकीच्या गजाला बांधलेल्या झोळीत तिची चौदा महिन्यांची शिवकन्या पाऊण तासाच्या झटापटीनंतर आत्ता कुठं झोपली होती.

जगदेवप्पाचा आवाज साऱ्या राजेश्वर गावात प्रसिद्ध होता. शेतात उभा राहून तो घरातून चहा मागवतो, असं लोक सांगत. तोच जगदेवप्पा चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत पुढं आला आणि कुजबुजला, "टीचरबाई, रामनं माझा बांध सरकवला."

"कुठं?"

"हितं. कंप्यूटरात. आमची पोरगी दानेश्वरी कालपासून घास खायना."

विजयश्रीनं पडद्याकडं पाहिलं. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरं, झाडं, विहिरी बांधायचा खेळ होता तो. सहा संगणक आणि अकरा मुलं. मुलांनी त्यात आपलंच गाव बांधायचं ठरवलं होतं आणि साहजिकच प्रत्येकानं आधी आपापलं शेत घेतलं. नऊ वर्षांच्या दानेश्वरीनं कुंपण घातलं, शेजारच्या शेतवाल्या अंबाजीचा नातू राम यानंही घातलं, पण तिच्या हद्दीत दोन ठोकळे आत.

"अण्णा, खेळ आहे हा."

"खेळ कसला? जमिनीच्या पहाणीचा उतारा आता कुठनं निघतो? कंप्यूटरातनंच ना? आज हितं दोन ठोकळे गेले, उद्या पहाणीतनं जातील. मग मी कुणाच्या दारात जाऊ?"

विजयश्रीनं आधी झोळीकडं पाहिलं, मग दाराकडं. वाद वाढवून तिला चालणार नव्हतं. लग्नाआधी ती उदगीरला संगणक शिकवायची. बाळंतपणानंतर ही खोली मिळावी म्हणून तिनं मुख्याध्यापक माणिकप्पा सरांकडं तीन खेपा घातल्या होत्या. शेवटी सरांनी किल्ली दिली, ती अट घालून. "दहा दिवस शांततेत पार पाडा, वर्षभर संध्याकाळी खोली तुमची. एक तक्रार आली, की किल्ली माझी."

"रामच्या आज्याला बोलवा," जगदेवप्पा कुजबुजला.

राम पळत गेला आणि आजोबांना घेऊन आला. दारातच दानेश्वरीनं त्यांना झोळी दाखवली. अंबाजीनंही चपला काढल्या.

"कामून बोलवलास?"

"नातवाला इचार. बांध कोरायला कुणी शिकवलं?"

"नातू कोरला न्हाई. तुझ्या बापानं आमची दोन हात जागा खाल्ली, ती पोरानं परत घेतली."

"माझ्या बापाचं नाव काढू नको."

"मग कुणाचं काढू? खाल्ली त्यानंच."

झोळी हलली. दोघंही श्वास धरून उभे राहिले. अंबाजीनं हलकेच एक झोका दिला, पलीकडून जगदेवप्पानं झोळी परत ढकलली. मग त्या लयीतच भांडण पुढं चाललं. अंबाजीनं एक जुनी गोष्ट काढायची आणि झोका द्यायचा, जगदेवप्पानं तिला उत्तर द्यायचं आणि झोका परत पाठवायचा. इतकं शांत भांडण मुलांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ती खेळ सोडून हेच बघत बसली.

दुपारपर्यंत गावात बातमी झाली, की शाळेत कंप्यूटरावर जमिनी मोजायलेत. दुसऱ्या दिवशी अकरा मुलांबरोबर एकोणीस मोठी माणसं आली. सिद्धप्पानं आपली विहीर शोधून काढली.

"पानी हाय का हिच्यात?"

"हाय की आज्जा. काठोकाठ."

"मे महिन्यात?" सिद्धप्पा खुर्ची ओढून बसला आणि तासभर तिथून हलला नाही. सुधारानीला आपलं घर जावेच्या घरापेक्षा दोन ठोकळे बुटकं का, हे आत्ताच्या आत्ता समजून घ्यायचं होतं. बसवप्रभु नावाचा मुलगा तिला परोपरीनं सांगत होता, की त्याच्याकडचे लाल ठोकळे संपले.

तेवढ्यात माणिकप्पा सर दारात उभे राहिले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग हात पुढं केला. "किल्ली."

विजयश्रीचा हात पदराच्या गाठीकडं गेला आणि तिथंच घट्ट झाला.

"सर, भांडण माझ्या खोलीत सुरू झालंय. ते मिटवून मग देते. ऑफिसातला गावनकाशा तेवढा द्या. उद्या मोजून दाखवते."

"कशानं मोजता?"

"ठोकळ्यानं. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. न्हाई मिटलं, तर किल्ली तुमच्या टेबलावर."

दुपारी घरी तिनं फरशीवर नकाशा पसरला. एका हातानं लेकीला खिचडी भरवायची, दुसऱ्या हातानं पट्टी धरायची. शिवकन्येनं एकदा खिचडीचा हात थेट नकाशावरच्या शेजारच्या गावात उमटवला. सासूबाई, सुशीलाबाई, उंबऱ्यात उभ्या होत्या.

"हे काय रेघा मारायलीस गं?"

"किल्ली वाचवायलेय, आत्या."

सुशीलाबाई आत येऊन फरशीवर बसल्या. मग त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि खिचडीची वाटी आपल्याकडं ओढली. "मार. नीट मार. वाकडी नको जाऊ देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विजयश्रीनं एक केलं. अंबाजीचं शेत दानेश्वरीला मोजायला दिलं आणि जगदेवप्पाचं रामला. आपल्या शेतात कुणी एखादा ठोकळा जास्त मोजेल, दुसऱ्याच्या शेतात मोजणार नाही. दोघं दोन टोकांनी निघाले. मोठी माणसं ओठ हलवत बरोबरीनं मोजत होती.

"एकशे दहा, टीचर," दानेश्वरी म्हणाली.

"पंच्याण्णव," राम म्हणाला. " नकाशावरच्याइतकेच."

दोन्ही शेतं पुरी झाली. पण एकमेकांना टेकली नाहीत. मधे चार ठोकळे रुंदीची पट्टी मोकळीच राहिली.

"टीचर, हे चार कुणाचे?" दानेश्वरीनं विचारलं.

"माझे," जगदेवप्पा आणि अंबाजी एकदम कुजबुजले.

विजयश्रीनं नकाशावर बोट ठेवलं. दोन शेतांच्या मधे दोन तुटक रेघा शेजारी शेजारी गेल्या होत्या. झोळीला झोका देत बसलेली सावित्रम्मा उठून जवळ आली. ती शाळेत स्वयंपाक करायची. तिचं शेत या दोघांच्या मागं होतं.

"ती वाट हाय की," ती म्हणाली. "मी लगीन होऊन आले तवा आमची बैलगाडी ह्याच वाटेनं शेताला गेली. आता पंधरा वर्षं झाली, नाल्याकडनं वळसा घालून जायलेय. मला वाटलं, वाट सरकारनं मोडली."

ज्या बांधासाठी दोन घरं इतकी वर्षं एकमेकांचे बाप काढत होती, तो बांध सावित्रम्माच्या वाटेवर उभा होता.

आधी जगदेवप्पा पुढं सरसावला. "खेळच हाय ओ पोरांचा."

"तर! खेळात काय एवढं मनावर घ्यायचं," अंबाजी म्हणाला. दोघांचं एकमत झालेलं गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

"म्हंजे तक्रार न्हाई?" माणिकप्पा सरांनी विचारलं.

"कसली तक्रार!"

किल्ली वाचली होती. विजयश्रीनं इथंच थांबायला हवं होतं, शिबिराचे चार दिवस उरले होते. पण अकरा मुलं तिच्या तोंडाकडं बघत होती. दानेश्वरीचं बोट अजून त्या चार ठोकळ्यांवर होतं.

"नकाशात काय आहे?" विजयश्रीनं विचारलं.

"वाट."

"मग वाट बांधा."

"अहो टीचरबाई!" जगदेवप्पा आपल्या मूळ आवाजात ओरडला.

शिवकन्या दचकून उठली आणि तिनं त्याच तोडीचा आवाज लावला. सावित्रम्मानं तिला झोळीतून काढलं आणि सरळ जगदेवप्पाच्या हातात दिलं. "उठवलास ना? आता तूच धर."

वाट बांधून व्हायला दोन तास लागले. जगदेवप्पा तेवढा वेळ पोरीला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होता. पडद्याजवळून जाताना तो दर वेळी मान दुसरीकडं वळवायचा.

दहाव्या दिवशी शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं संगणकातलं सगळं गाव दाखवलं. मुलांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना दिवे लावले होते. ही वाट कुठली, असं कुणी ना कुणी दर पाच मिनिटांनी विचारत होतं आणि मुलं मोठ्या उत्साहानं सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होती. अंबाजी आणि जगदेवप्पा मागच्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांनाही सारखा खोकला येत होता. तक्रार मात्र आली नाही. सरांनी किल्ली मागितली नाही.

अकराव्या दिवशी सकाळीच राम धापा टाकत विजयश्रीच्या घरी आला. "टीचर, आज्जा अन् जगदेवअण्णा तुम्हाला टेप घेऊन शेतात बोलवायलेत! लई भांडायलेत!"

विजयश्री शिवकन्येला कडेवर घेऊन निघाली. वस्तीपासूनच जगदेवप्पाचा आवाज ऐकू येत होता. शेतात जाऊन बघते, तर मधला बांध फोडलेला, काट्या उपसून बाजूला टाकलेल्या, आणि दोघंही कुदळी घेऊन घामाघूम झालेले.

"अडीच मीटर मी सोडलो! तू दीडच सोडलास!"

"उलटं बोलायलास! अडीच माझे गेले. तुझे दीड!"

"टीचरबाई, मोजा. साऱ्या गावासमोर मोजा. जास्ती कुणी सोडलं ते कळू दे!"

विजयश्रीनं टेपचं एक टोक अंबाजीला दिलं, दुसरं जगदेवप्पाला. दोघंही टेप ताणून एकमेकांवर डोळे रोखून उभे राहिले.

"सरका की बाजूला," मागून सावित्रम्मा म्हणाली. "म्हस यायलीय."

दोघांचं तोंड थांबलं नाही. पण भांडता भांडताच दोघं एकेक पाऊल मागं सरकले, आपापल्या शेतात.