बिनफटीचं अंगण

“फट दाखवा, नाव बदलतो!”

चाकणच्या कंपनीत रंगराव शेलार हे वाक्य इतक्या वेळा म्हणत, की कॅन्टीनच्या चहावाल्यालाही ते पाठ झालं होतं. कंपनी गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवायची आणि रंगराव क्वालिटीत होते. बाकीचे पुरुष खिशात कंगवा ठेवतात, रंगराव फीलर गेज ठेवत. फीलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. दोन भागांच्या मधे नको ती पट्टी सरकली, की माल रिजेक्ट! मेहुण्याच्या वास्तुशांतीला गेले, तेव्हा होमाला नमस्कार करायच्या आधी त्यांनी दाराची चौकट मोजली होती. मेहुणा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

अशा माणसाने घरचं काम स्वतः अंगावर घेतलं तर काय होईल?

कामाचं कारण होत्या त्यांच्या पत्नी, इंदुताई. लग्न होऊन त्या साताऱ्याकडच्या गावातून थेट पिंपरीच्या चाळीतल्या एका खोलीत आल्या. मग निगडीला भाड्याचं घर झालं, मग मोशीत स्वतःचा फ्लॅट झाला. घर दर वेळी मोठं होत गेलं, पण अंगण कुठेच मिळालं नाही. इंदुताईंना तर तेवढंच हवं होतं. सकाळी सडा घालावा, रांगोळी काढावी, संध्याकाळी पाय पसरून लसूण सोलत बसावं. शेवटच्या मजल्यावरच्या या फ्लॅटला स्वतःची गच्ची होती खरी, पण तिथल्या सिमेंटच्या कोब्यावर बसलं, की त्यांचे गुडघे बोलायला लागत.

“इंदू, तुला अंगण देतो,” रंगराव एका रविवारी म्हणाले. “गावच्या पाटलाकडे नसेल असं!”

“द्या बाई एकदाचं,” इंदुताई म्हणाल्या. “म्हातारी व्हायच्या आत द्या म्हणजे झालं.”

अंगण डेकचं होणार होतं. हॉटेलात पोहण्याच्या तलावाकाठी लाकडासारख्या फळ्या असतात ना, त्या! लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या. वाळवी नाही, पॉलिश नाही, झाडलं-पुसलं की झालं.

अडचण एकच होती. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी निरंजन गोखले राहत होते आणि इंदुताईंचं अंगण म्हणजे त्यांचं छत होतं. त्यांनी अट घातली, “करा. पण उन्हाळ्यात कमिटी येऊन बघेल. आमच्या छताला काही झालंय असं दिसलं, तर सगळं उचलायचं. कायमचं!”

“छताला?” रंगराव हसले. “साहेब, माझं काम आहे!”

जानेवारीच्या कडाक्यात कुदळवाडीहून फळ्या आल्या. दुकानदार कादरभाई स्वतः टेम्पोबरोबर आले होते. चहा पिता पिता म्हणाले, “रंगराव भाऊ, दोन फळ्यांच्या मधे जागा सोडा. आणि टोकाला, भिंतीपाशी, बोटभर सोडाच. हा माल उन्हात अंग पसरतो.”

रंगरावांचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांना देवळात चप्पल घालून चला म्हणालं.

“कादरभाई, मी जागा सोडू? मी?”

“सगळेच सोडतात भाऊ. फळ्या अडकवायच्या क्लिपाच तशा येतात. क्लिप बसवली की फट आपोआप पडते.”

“सगळ्यांना काम येत नाही म्हणून सोडतात!”

कादरभाईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि खाली उतरले. गिऱ्हाइकाशी वाद घालून कोणाचा टेम्पो भरलाय?

त्यानंतर रंगरावांनी जे केलं, ते त्यांच्याशिवाय कोणी केलं नसतं. त्यांनी फट पाडणारी एकेक क्लिप कानशीने घासून पातळ केली. दोन रविवार त्यातच गेले. मग फळीला फळी भिडवली, टोकं भिंतींना टेकवली, दाराच्या उंबऱ्याशी तर फळी अशी बसवली, की बाहेर उघडणारं दार तिच्यावरून केसाच्या अंतराने फिरावं. शेवटी गुडघ्यावर बसून सगळीकडे गेज लावून पाहिलं. सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा कुठे शिरेना!

“बघ इंदू! यातून पोस्टकार्ड जाणार नाही!”

“पोस्टकार्ड कशाला जायचंय, पाणी गेलं तरी पुरे,” इंदुताई म्हणाल्या. कारण पहिल्या धुण्यालाच अंगणाचं तळं झालं होतं. पण त्या खूश होत्या. सोसायटी ज्यांच्या जमिनीवर उभी होती, त्या सरूबाईंनी आपल्या गोठ्यातून बादलीभर शेण दिलं आणि इंदुताईंनी त्या हॉटेली डेकवर पातळ सडा घातला. वर ठिपक्यांची रांगोळी! रंगरावांनी दुसऱ्या दिवशी साबण आणि मऊ ब्रशने डाग काढले, तिसऱ्या दिवशी पुन्हा सडा पडला. घरात अशी देखभाल सुरू झाली.

होळी झाली आणि आवाज सुरू झाले.

टक्!

भर दुपारी, कोणी नसताना. मग संध्याकाळी ऊन उतरलं, की कर्रर्र... आणि पुन्हा टक्!

रंगरावांचं कुतूहल असं चाळवलं, की त्यांना जेवण गोड लागेना. आवाज येतो कुठून? फट नाही, हालचाल नाही, मग वाजतंय काय? सुट्टीच्या दिवशी ते डेकवर पालथे पडून स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक फळीला आणि दुसरं कानाला लावत. मेकॅनिक इंजिन ऐकतात तसं. आवाज उजवीकडून आला, की उजवीकडे सरपटायचं. मग तो डावीकडून यायचा!

“अहो, लोक बघतायत,” इंदुताई दारातून म्हणायच्या.

“शू! श्वास धर जरा.”

सरूबाई सोसायटीच्या कमिटीवरही होत्या. त्यांनी येऊन काठी आपटली. “खाली जित्राब हाय, रंगराव.”

“कसलं?”

“मला काय ठावं? पर हितं आमची बांदावरची वारुळं व्हती.”

वारूळ म्हटल्यावर इंदुताईंच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच नवनाथ या सर्पमित्राला फोन गेला. तो गडी काठी आणि पिशवी घेऊन आला, डेकभर वाकून फिरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“काका, एक फळी उचला.”

रंगरावांनी पाना घातला, कानस घातली, शेवटी उलथनं आणून पाहिलं. काहीही शिरेना. त्यांच्याच कामात त्यांनाच शिरकाव नव्हता! अर्ध्या मनाला वैताग आला आणि अर्ध्या मनाला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला.

“भावा,” नवनाथ म्हणाला, काका विसरून, “इथं मुंगीला जागा नाय. साप आत गेला कुठून?”

“तेच तर मला कळत नाहीये!” रंगराव उत्साहाने म्हणाले.

तिकडे खाली गोखल्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांना तो टक् आवाज छतातून यायचा आणि ते पंख्याकडे बघत बसायचे. शेवटी निरोप आला. रविवारी कमिटी येणार!

इंदुताई शनिवारी रात्री जेवल्या नाहीत. “अहो, काढायला लावलं तर?”

“कोण लावतंय!” रंगराव म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

रविवारी गोखले आणि सरूबाई आले तेव्हा ऊन चढत होतं, पण इंदुताईंनी सडा घातल्यामुळे अंगण गारेगार होतं. देवघरासारख्या त्या जागी चपला कोण नेणार? सगळ्यांनी आतच काढल्या. इंदुताईंनी बर्फ घातलेल्या पन्ह्याचं पातेलं बाहेर आणून ठेवलं.

“सुंदर केलंय हो,” गोखले नाइलाजाने म्हणाले.

झालं! रंगरावांना तेवढंच हवं होतं. “थांबा, खरी गंमत दाखवतो.” त्यांनी दार लोटून लावलं आणि गेज काढलं. “हे दाराखाली बघा. इथे बघा. भिंतीपाशी बघा. फट दाखवा, नाव बदलतो!”

फटींची ही परिक्रमा चालू असताना सडा वाळला. फळ्या तापल्या. आधी गोखल्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा.

“शेलार, हे जरा...”

टक्!

“हा! हाच तो!” रंगराव जमिनीवर आडवे झाले.

टक्! टक्! कर्रर्र... आणि धाड्!!

दारासमोरच्या फळ्या बैल उठावा तशा उठल्या. चांगला गुडघ्याएवढा उंचवटा, थेट दाराला टेकलेला! इंदुताईंनी दार ढकललं, ओढलं. ते ढिम्म हललं नाही.

“अगं आई गं! जित्राब उठलंय!” सरूबाई ओरडल्या आणि या वयात टुणकन उडी मारून कोपऱ्यातल्या एकुलत्या एक चटईवर गेल्या. मागोमाग गोखले. मग इंदुताई. तिघं एका चटईवर, पाय चोळत.

“फायर ब्रिगेडला फोन करतो!” गोखले म्हणाले.

“थांबा हो, एक मिनिट,” रंगराव म्हणाले. ते भाजणाऱ्या पायांनी नाचत उंचवट्यापाशी वाकले होते आणि गेज लावत होते. “पण ही लांबी वाढली कशी? सकाळी बसत होती, आता बसत नाही. म्हणजे फळी मोठी...”

“अहो!” इंदुताई किंचाळल्या. “पाय भाजतायत! तुमच्या कंपनीत एखादी वस्तू अडकली तर तुम्ही काय करता?”

“काय करतो? तापवतो. गिअर तापवला की मोठा होतो, शाफ्टवर अलगद चढतो, आणि गार झाला की...”

रंगराव थांबले. तीस वर्षं ते नव्या पोरांना हेच शिकवत आले होते. तापलं, की वाढतं. वाढायला जागा नसली, की...

गेज हळूच खिशात गेलं.

“इंदू,” ते बारीक आवाजात म्हणाले, “पन्हं ओत.”

“काय?”

“सगळं ओत. बर्फासकट!”

पातेलं उपडं झालं. चुर्रर्र! कैरी, गूळ आणि वेलदोड्याचा घमघमाट सुटला. टक्, टक्, टक् करत उंचवटा उतरला आणि दार वीतभर उघडलं. सरूबाई अंग तिरकं करून सगळ्यांत आधी आत गेल्या.

गोखले मात्र तिथेच उभे होते. “म्हणजे इतके दिवस ते टक् टक्...”

“फळ्या,” रंगराव मान खाली घालून म्हणाले. “जागा सोडली नव्हती मी.”

“नियमाप्रमाणे हे आता...”

“हे निघणार नाही!” इंदुताई म्हणाल्या. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिन्यात लसूण सोलला मी. आता उचलायचंच असेल तर मला उचला!” आणि त्या तिथेच बसल्या. पन्ह्यात. पण उठल्या नाहीत.

गोखल्यांनी डोळे पुसले, पण ते वेगळ्याच कारणाने. “अहो वहिनी, मला वाटलं होतं माझा स्लॅब तडकतोय! मी दिवाणखान्यात हेल्मेट घालून बसायचो. फळ्याच आहेत ना? मग राहू द्या. फक्त ते जागा सोडणं वगैरे करा बुवा.”

रंगराव बायकोकडे बघत राहिले. गुळाने भरलेलं लुगडं, लाल झालेले पाय, आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. त्यांना एकाच वेळी लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

मे महिना फळ्यांची टोकं कापण्यात गेला. नव्या क्लिपा आणताना कादरभाईंनी फक्त जास्तीचा चहा मागवला. गुळामुळे मुंग्या आल्या आणि इंदुताई म्हणाल्या, आता कुठे खरं अंगण वाटतंय.

शेवटची फळी बसली, त्या संध्याकाळी रंगरावांनी खिशातून गेज काढलं. सवय ती सवय! भिंतीपाशी सोडलेली बोटभर जागा बरोबर आहे ना, हे पाहायला ते वाकले.

टण्ण!

लगेच खालून गोखल्यांचा फोन आला. “शेलार, हा कसला आवाज? हे काय नवीन?”

रंगराव एक डोळा मिटून भिंतीकडेच्या अंधारात खाली बघत होते. तिथे, हात पोचणार नाही इतक्या आत, त्यांचं गेज मजेत चमकत होतं.

“काही नाही साहेब,” ते म्हणाले. “फट बरोबर आहे.”