युसुफचाचांची बॅटरी

बोर्ली पंचतनात मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. त्यातली दोन वर्षं रोज सकाळी शाळेत निघताना माझे घरमालक माझ्या तोंडात बॅटरी मारून बघत असत.

मी जिना उतरू लागलो की खालच्या पायरीशी युसुफचाचा उभे असायचे. डोक्यावर पांढरी टोपी, चौकड्यांची लुंगी, एका हातात दात घासायची मिसवाकची काडी आणि दुसऱ्या हातात बॅटरी. "मास्तर, आ करा," ते म्हणायचे. मी सव्वीस वर्षांचा, नववी-दहावीला विज्ञान शिकवणारा माणूस. वह्यांचा गठ्ठा काखेत धरून मी आ करायचो. चाचा वरच्या रांगेत डावीकडून सुरुवात करायचे, उजवीकडं पोचले की खाली उतरायचे. घाई नसे.

"मागं उजवीकडं पोहा आहे."

"चाचा, पहिला तास माझा आहे."

"तास तुमचा आहे, पोहा पण तुमचाच आहे. वर जा."

मी वर जायचो.

माझे दात वेडेवाकडे होते. एकमेकांच्या खांद्यावर चढून उभे राहिल्यासारखे. आमच्या भातशेतीच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आई अजून मिशरी लावते आणि आम्ही भावंडं राखेनं दात घासून मोठे झालो. घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि दातांना तार लावणाराही पहिलाच. तारेचं कळल्यावर आई फोनवर म्हणाली होती, "दात दुकत न्हाय ना? मंग डाक्टर कशाला?" तिला काय सांगणार? वर्गात हसू आलं की मी डस्टर तोंडासमोर धरायचो. खडूची पूड मिशीला लागायची आणि मुलं आणखी हसायची. मला एकदा डस्टर खाली ठेवून हसायचं होतं.

दातांच्या डॉक्टरबाई मुरुडला यायच्या. दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं आगरदांडा, तिथून रिक्षा. तार बसवली त्या दिवशी त्यांनी मला एक फोटो दाखवला. कुणाचे तरी सरळ दात, आणि प्रत्येक दातावर खडूसारखा पांढरा चौकोन. तार अडकवायला दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या भोवती अन्न साचू दिलं की असे डाग पडतात, आणि ते तार निघाल्यावरच नीट दिसतात. "तार दात सरळ करते, साफ करत नाही," त्या म्हणाल्या. "ते काम तुमचं." मग त्यांनी एक मऊ ब्रश दिला, तारेखालून फिरवायचा एक इवलासा ब्रश दिला, दातांच्या फटींत फिरवायच्या दोऱ्याची डबी दिली, आणि काय खायचं नाही त्याची यादी दिली. चिक्की नाही, बर्फ नाही, सुपारी नाही, पेरू कापल्याशिवाय नाही.

संध्याकाळी मी हे सगळं ओट्यावर मांडून चाचांना सांगितलं. त्यांनी तो इवलासा ब्रश बोटांत धरून उजेडात फिरवला.

"ही काय मांजरीची मिसवाक?"

पण फोटोची गोष्ट ऐकताना ते गंभीर झाले. चाचांची उभी हयात बहारीनच्या गोदीत गेली होती. जहाज कोरड्या गोदीत घ्यायचं आणि त्याचा तळ खरवडून रंगवायचा, हे त्यांचं काम.

"समजलं," ते म्हणाले. "जहाज वरून चकाचक असतं. खाली नजर जात नाही, तिथं शिंपलं धरतं. आज एक, उद्या शंभर. खारं पाणी सुटी घेत नाही, मास्तर."

दुसऱ्या दिवसापासून बॅटरी सुरू झाली.

चाचांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. सत्तरी ओलांडल्यावरही ते अक्रोड दातानं फोडायचे आणि मी बघतोय ना याची खात्री करून घ्यायचे. मला मात्र सवलत नव्हती. मोरीच्या आरशाशेजारी त्यांनी खिळा ठोकून आपलं जुनं घड्याळ टांगलं होतं, दात घासताना मी काटा बघावा म्हणून. रात्री वर पाण्याचा आवाज लवकर थांबला की खालून काठीनं तक्तपोशीवर टकटक व्हायची. एका लग्नात मी हलव्याची चिकट वडी उचलली, तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून एक तर्जनी हवेत हलताना दिसली. मी वडी शेजारच्या पानात ठेवली.

चाचांची बायको, रझियाचाची, मागच्या दारी मासे साफ करता करता हे रोज बघायची. तिचा एक ठरलेला टोमणा होता. "स्वतःच्या पोरांच्या तोंडात कधी डोकावले नाहीत. आता भाडेकरूच्या तोंडात बॅटऱ्या मारतायत."

चाचा बॅटरी विझवून लुंगीला खोचत. मी हसायचो. नवरा-बायकोचं रोजचं चाललंय, एवढंच मला कळायचं.

एकदा चाचीनंच मला फितवलं. सुका बोंबील चुलीवर कुरकुरीत भाजला आणि वाटी वर आणून दिली. दुसऱ्याच घासाला कट्ट झालं आणि एक ब्रॅकेट तारेवर लोंबकळू लागलं. सकाळी मी तोंड मिटून जिना उतरलो आणि खुणेनं सांगितलं की ताप आहे.

"तापात तोंड उघडतं," चाचा म्हणाले. "आ करा."

बॅटरी थांबली. मग त्यांनी माझ्याच फोनवरून डॉक्टरबाईंना कळवलं, "वरच्या रांगेत, उजवीकडं, पुढून चौथा खिळा सुटलाय. बोंबील. माणूस ठीक आहे." तेव्हापासून डॉक्टरबाई दर महिन्याला विचारायच्या, "तुमचे इन्स्पेक्टर काय म्हणतात?"

इन्स्पेक्टर एकच म्हणत होते. तार निघेल त्या दिवशी ते सोबत येणार आणि मोकळे दात सगळ्यांत आधी तेच बघणार. डॉक्टरबाईंनी रविवार दिला. चाचांनी मागच्या ईदचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी शाळेत डॉक्टरबाईंचा फोन आला. "रविवारी फार गर्दी आहे आणि तार काढायला वेळ लागतो. आज मी मुरुडलाच आहे, जमेल का?" परीक्षा संपलेली होती, सहकाऱ्याची मोटरसायकल दारात उभी होती. दिघीच्या धक्क्यावर मी चाचांना फोन लावायला खिशात हात घातला. तेवढ्यात फेरीबोटीचा भोंगा झाला. म्हटलं, राहू दे. एकदम जाऊन हसूनच दाखवू.

संध्याकाळी चाचा ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर हात न धरता हसलो.

ते बघत राहिले. बॅटरी शेजारीच होती, त्यांनी उचलली नाही.

"निघाली का?"

"हो चाचा. अचानक फोन आला, आणि मग..."

"डाग?"

"एकही नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. अजान व्हायला अजून बराच वेळ होता, तरी ते उठून आधी आत गेले आणि मग मशिदीकडं चालू लागले.

मला वाटलं, रागावले. चाची आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली आणि ओट्यावर माझ्याशेजारी बसली. चॉकलेटचा डबा होता, चाचांनी कधीतरी बहारीनहून आणलेला. आत कागदाच्या पुड्या होत्या. तिनं एक उलगडली. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पिवळट पडलेला दुधाचा दात. कागदावर लिहिलं होतं, 'सलमा, खालचा, पहिला.'

"गावात पोरं पडलेला दात कौलावर फेकतात," चाची म्हणाली. "मी फेकू दिले नाहीत. हे दोन वर्षांनी एकदा यायचे, महिनाभर. आले की मी डबा काढायची. हे बॅटरी लावून एकेक बघत बसायचे. कुठला कधी पडला, रडली का, रक्त आलं का, सगळं विचारायचे." तिनं पुडी पुन्हा घडीवर घडी घालून मिटली. "दोन पोरं. एकसुद्धा दात यांच्यासमोर पडला नाही, एक यांच्यासमोर उगवला नाही. मी टोमणे मारते ती माझी खोड. तुम्ही मनावर घेऊ नका. पण शर्ट काढून पेटीत ठेवून गेले ते."

शुक्रवारी सकाळी जिन्याशी कुणी नव्हतं. शनिवारीही नव्हतं. मी वह्या घेऊन शेवटच्या पायरीवर उगाच थांबलो आणि निघालो.

रविवारी उजाडताच मी खालचं दार वाजवलं.

"चाचा, मुरुडला जायचंय. तार निघाली, पण काम संपलेलं नाही. दात मोकळे सोडले की जुन्या जागी परत जातात. त्यांना धरून ठेवणारा रिटेनर आज पहिल्यांदा बसवायचाय. रोज घालायचा आणि रोज ब्रशनं धुवायचा. विसरलो तर वाया जाईल. तुम्ही चला."

ते दारात उभे राहून विचार करत होते.

"परत जातात?"

"जातात."

"जुनी जागा कोण विसरतो," ते म्हणाले, आणि आत गेले. थोड्या वेळानं पेटीचं झाकण वाजलं.

फेरीबोटीत ते कठड्याला धरून उभे राहिले. शर्टाला पेटीतली घडी पडली होती, ती वाटभर हातानं सरळ करत होते. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, ते बसले नाहीत. रिटेनर टक् करून बसला. डॉक्टरबाईंनी मला आरसा दिला आणि बाजूला झाल्या.

"चाचा, बघा तुम्ही. दिवा पुढं ओढू का?"

"माझ्याकडं आहे," चाचा म्हणाले आणि खिशातून बॅटरी काढली. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच मास्तर म्हणायचे विसरले.

"आ कर, बेटा."

मी आ केला. उजेड वर डावीकडून सुरू झाला, उजवीकडं पोचला, खाली उतरला. पोहा नव्हता, डाग नव्हता, खिळा सुटलेला नव्हता. बघायचं सगळं बघून झालं, तरी बॅटरी विझेना. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. मीही तोंड मिटलं नाही.