बोलण्याचं बिल

मुरलीधरअप्पा आजारी माणसाला भेटायला गेले की तब्येतीच्या आधी पावती विचारायचे. एका मयतीतही त्यांनी मृताच्या मुलाला बाजूला घेऊन डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मागितली होती.

पाटोद्याच्या आमच्या सहकारी दूध संघात विम्याचं टेबल त्यांचं. इलाजाचा खर्च आधी आपण करायचा, मग विमा कंपनी त्यातले बारा आणे परत देणार, चार आणे आपले. या चार आण्यांवर अप्पांची फार श्रद्धा. "खिशाला चाट बसली म्हंजे मानूस उगं आजारी पडत न्हाई," म्हणायचे.

त्या साली दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, संघात दूध येईना. संचालकांच्या बैठका तेवढ्या वाढल्या आणि त्यांच्या चहाला दुधाची पावडर बाजारातून यायला लागली. पगार थकले. माझी झोप उडाली, छाती धडधडायला लागली, म्हणून मी बीडच्या एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागलो. त्यांचं बिल अप्पांपुढं ठेवलं.

अप्पांनी ते उलटंपालटं केलं. "गोळ्या कुठंयत?"

"गोळ्या न्हाईत, अप्पा. तिथं बोलायचं असतं."

"कोन बोलतं?"

"मीच."

"तू बोललास, तर पैसे तिनं द्यायला पायजेत बे!"

समुपदेशनाचा खर्च मिळतो असं पॉलिसीत स्वच्छ छापलं होतं. पण अप्पांचा छपाईवर विश्वास नव्हता. "मी समक्ष तपासनी करतो," म्हणाले आणि गुरुवारी माझ्याबरोबर एसटीत बसले. दवाखान्यात नाव नोंदवलं, स्वतःची फी भरली आणि आत गेले. मी बाहेर बाकावर.

पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. परतीच्या गाडीत मांजरसुंबा मागं पडल्यावर त्यांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली.

मग म्हणाले, "तिनं इचारलं, घरी कोन असतं. म्हनलं, कुनी न्हाई, बायको जाऊन सहा वर्सं झाली. तर म्हनली, कशा होत्या त्या?"

"मग?"

"मयतीला समदं गाव आलतं. पर ही कशी होती, हे कुनीच इचारलं नव्हतं रे. सांगत गेलो, तर येळच संपला."

माझं बिल दुसऱ्याच दिवशी मंजुरीला गेलं. अप्पा मात्र दर गुरुवारी अर्धी रजा टाकून बीडला जाऊ लागले. फी पुरती सोळा आणे खिशातून. तीन महिने बघितलं आणि शेवटी मीच म्हणालो, "अप्पा, तुमीबी दावा लावा की. हक्काचे पैसे हायेत."

त्यांनी कोरा फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हितं आजाराचं नाव लिवावं लागतं," ते म्हणाले. "तिथं हिचं नाव कसं लिवू?"