मशीनखालची पिल्लं

ऐक ना, फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. सध्या मला काकूंच्या व्हरांड्यात तोंड उघडायची बंदी आहे. मला! त्यामुळे सगळं पोटात साठलंय.

काकू म्हणजे आमच्या टेलरिंगच्या दुकानामागे राहतात त्या. त्यांची एकुलती एक कोंबडी, तुरेवाली, आठ अंड्यांवर खुडूक बसली आणि दुसऱ्याच दिवशी तिला मुंगसाने नेलं. काकू टॉवेलात गुंडाळलेली अंडी घेऊन थेट दुकानात. रडल्या नाहीत, पण बाबांना म्हणाल्या, "तिचं एक जरी पिल्लू राहिलं तरी मला पुरे."

बाबांनी कात्री खाली ठेवली आणि काही बोलायच्या आत मी बोलले, "एक कशाला, आठच्या आठ देते."

अगं, मला सगळं माहीत होतं! एकदा अख्खी दुपार मोबाईलवर हेच बघितलं होतं. थर्माकोलचं खोकं, आत बल्ब, थर्मामीटर, हवा ओलसर राहायला वाटीभर पाणी, तीन आठवडे ऊब, झालं. आणि सगळ्यात भारी काय, तर पिल्लं अंड्यात असतानाच आवाज ओळखायला लागतात. म्हणजे मी रोज त्यांच्याशी गप्पा मारल्या की बाहेर आल्यावर ती माझ्यामागे ओळीने चालणार. मी पुढे, पिल्लं मागे, अशी डेअरीपर्यंत मिरवणूक न्यायची हेही ठरलं होतं. कुठला ड्रेस घालायचा तेसुद्धा.

दुकानात रिकामा प्लग एकच, बाबांच्या शिलाई मशीनखाली. खोकं तिथे ठेवलं. बाबा एवढंच म्हणाले, "माझा पाय लागला तर बोंब मारायची नाही." त्यांच्याकडे तेव्हा एका दवाखान्याचे पडदे आले होते. पडद्याची शिलाई म्हणजे नुसती सरळ. सकाळी जी खर्रर्र सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत.

आता, अंडी दिवसातून दोन-तीनदा उलटावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटून बसतं. मी बाबांच्या खडूने प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. झाकण उघडायचं, "कसे आहात, बाळांनो?" म्हणायचं, आणि फुलीचा गोल करायचा. मग कॉलेजात काय झालं ते सविस्तर सांगायचं. पण सकाळी गोल वर ठेवून जावं, तर परत येईपर्यंत फुली वर! मला वाटलं, माझं डोकं फिरलं. एक दिवस लवकर आले तर बाबा मशीनखाली ओणवे.

"सुई पडली," म्हणाले.

सुई शोधताना आठही अंडी उलटतात का गं? बाबांनासुद्धा काकूंचं वाईट वाटलं होतं, फक्त ते दाखवायचं नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे अंड्यामागे टॉर्च धरून आत जीव आहे का बघायचं. त्याला मिट्ट काळोख लागतो, आणि आमच्याकडे काळोख कुठे, तर ट्रायल रूममध्ये. मी आणि काकू पडदा ओढून आत. काकू कुजबुजतायत, "या शिराच ना?" मी म्हणते, "हो, आणि हे बघा, हृदय धडधडतंय." मग पुढचं घेतलं. "हे गेलं. काढून टाकू." अशी दोन गेली, सहा राहिली. बाहेर आलो तर काउंटरवर एक पँट पडलेली. बाबा म्हणाले, ड्रॉइंगचे सर ट्रायलला आले होते, पडद्यापाशी दोन मिनिटं थांबले, घाम पुसला आणि गेले. पँट अजून आमच्याकडेच आहे.

शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नसतं, आतला ओलावा जातो. बाबांनी झाकणावर इस्त्रीच ठेवली, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. आणि त्यातल्या तिसऱ्या दुपारी आतून चिवचिव! टकटक, तडा, तड्यातून इवलीशी चोच. काकू दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या, घरी जाऊन गॅस बंद करून यायलासुद्धा मला पाठवलं. संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा बाहेर. ओली, चिपाडासारखी, अगदी केविलवाणी. मग वाळली आणि एकदम पावडरच्या पफसारखी फुगली. काकूंनी एकाला तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "तुरेवालीचंच नाक." कोंबडीला नाक असतं का हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गोंधळ दुसऱ्या दिवशी. पडदे संपले, बाबांनी मशीन थांबवलं, आणि पिल्लांनी असा आक्रोश केला की शेजारचा सायकलवाला पान्हा घेऊन धावत आला. बाबांनी पायडल मारलं. चिडीचूप. पाय थांबवला. आक्रोश. काकू त्यांना घरी घेऊन गेल्या, तर तिथे एक दाणा खाईनात. दुपारी परत टोपली घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "माझ्याकडे जगायची नाहीत रे ही."

बाबा मशीनला दोरासुद्धा न लावता पायडल मारत होते. मग सायकलवाल्याला हाक मारली, आणि दोघांनी मशीन उचलून काकूंच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. आता बाबा तिथेच शिवतात. पिल्लं पायडलजवळ झोपतात, दाणे खातात, टरारून वाढतायत. काकू दर तासाला चहा देतात. आणि मी रिकाम्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगते, टेलर मागे बसतात, सांभाळून पाय टाका.

पण माझी मिरवणूक राहिलीच होती ना! ठरवलेला ड्रेस घातला, व्हरांड्यात गेले, उकिडवी बसले आणि जगातल्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाले, "कसे आहात, बाळांनो?"

सहाच्या सहा मशीनखाली पसार. एक तर बाबांच्या चपलेत शिरलं.

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मुंगूस. "काय केलंस गं तू त्यांना?"

बाबांनी मान वर न करता दोरा ओवला. "रोज हिचा आवाज आला की छप्पर उडायचं, गार वारा घुसायचा आणि अख्खं घर उलटंपालटं व्हायचं. तीही काय करतील?"

तेव्हापासून मी तिथे दाणे घेऊन जाते, तोंड मिटून. शब्द काढायचा नाही. काल एक पिल्लू माझ्या पायावर येऊन बसलं, पूर्ण पाच मिनिटं, आणि मला शिंक आली. तू सांग, तू काय केलं असतंस?